दादाचं क्रिप्टो खातं वहिनींच्या नावावर होईपर्यंत

दादाच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावावर कापलेल्या कराच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, एक अनोळखी ओळ होती. कलम १९४एस, कापलेला कर ९०० रुपये. मी सोलापुरात एका सीएंच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे कलम माहीत होतं. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, विकलं की एक्स्चेंज, म्हणजे ही खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर, म्हणजे टीडीएस, आधीच कापून सरकारकडे भरतं, जुलै २०२२पासून. म्हणजे दादाने ९०,००० रुपयांचं क्रिप्टो विकलं होतं. बार्शीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या दादाने. आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

दादा फेब्रुवारी २०२४मध्ये हृदयविकाराने गेला. त्याचं शेवटचं रिटर्न भरायला वहिनींची आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद केली आणि जुलैत मी ते काम हातात घेतलं. त्याची आधीची रिटर्न्सही मीच भरलेली. त्यांत असं कधी काही दिसलं नव्हतं, कारण रुपये देऊन नाणी घेणाऱ्याचा टीडीएस कापत नाहीत, विकणाऱ्याचा कापतात. दादा काही वर्षं नुसता घेत राहिला होता. ऑगस्ट २०२३मध्ये त्याने एकदाच विकलं. मी तारीख सांगितली तशी वहिनींना आठवलं, पुतणीची फार्मसीची फी त्याच आठवड्यात भरली होती. "कुणाकडचं तरी जुनं येणं आलं म्हणाले होते," एवढंच त्या बोलल्या.

पासबुकात ती रक्कम जमा होती, पण पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा पेमेंट कंपनीचं नाव. त्यावरून कुणाला काही कळलं नसतं. क्रिप्टोत व्यवहार करणारे लोक या १ टक्क्याच्या नावाने बोटं मोडतात, आणि रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला तो जाचतो हे खरंच आहे. पण ते ९०० रुपये कापले गेले नसते, तर दादाचं असं एखादं खातं आहे हे आम्हाला आयुष्यात कळलं नसतं.

रिटर्नमध्ये क्रिप्टोसाठी वेगळा तक्ता असतो, व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचा. कधी घेतलं, कधी विकलं, कितीला घेतलं, कितीला विकलं, सगळं भरावं लागतं. विक्रीचा आकडा हाती होता, खरेदीचा नव्हता. पुतणीने दुकानातल्या वह्या चाळल्या तेव्हा दुरुस्तीच्या नोंदवहीची मागची पानं सापडली. तारीख, रुपये, आणि पुढे दशांश चिन्हानंतर आठ आकडे. पहिली नोंद जून २०२०ची, ५०० रुपयांची. पुढे कधी हजार, कधी पाच हजार. दिवाळीच्या महिन्यात मोठी रक्कम.

जून २०२० ही तारीख उगाच नव्हती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवलं. दादाने बंदी उठेपर्यंत वाट पाहिली, मग सुरुवात केली. कायद्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही. तरी त्याने ते आमच्यापासून लपवलं. का लपवलं असेल, हे मला पुढच्या वर्षभरात नीट उमगलं.

वहीतल्या नोंदींची बेरीज एक दशांश बिटकॉइनपेक्षा थोडी जास्त आणि थोडं इथर, हे दुसरं एक क्रिप्टो नाणं, अशी आली. खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास. जुलै २०२४च्या भावाने त्याचे सहा लाखांच्या आसपास होत होते. वहिनींनी दुकान भाड्याने दिलं होतं, पुतणीचं शिक्षण चालू होतं. आमच्या घरासाठी सहा लाख ही फार मोठी रक्कम.

आणि त्याच दिवसांत, १८ जुलै २०२४ला, वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर दरोडा पडल्याची बातमी आली. जवळपास २३ कोटी ५० लाख डॉलर, रुपयांत २,००० कोटींच्या आगेमागे, एका दिवसात गेले. दादाचं खातं दुसऱ्या एक्स्चेंजवर होतं. पण वहिनींच्या घरच्यांना हा फरक कोण समजावणार? वहिनींचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांनी फोन करून सांगितलं, "सोडून द्या आता. जुगाराचा पैसा, आला तसा गेला." आई म्हणाली, "त्यापरीस एक तोळा सोनं घेतलं असतं."

मी ती बातमी बारकाईने वाचली, कारण मला जाणून घ्यायचं होतं की दादाची नाणी आहेत तिथे असं होऊ शकतं का. चोरी झालेल्या पाकिटाला, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल जागेला, एकच किल्ली, म्हणजे व्यवहारावर सही करायचा गुप्त आकडा, नव्हती. सही करणारे सहा जण होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या सांभाळ करणाऱ्या कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी सही करायची आणि शेवटची लिमिनलची, अशी चार सह्यांची व्यवस्था. कागदावर याहून भक्कम काय असणार! चोरांनी किल्ल्या पळवल्याच नाहीत. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही होत होती ती भलत्याच मजकुरावर, ज्याने पाकिटाचा ताबाच चोरांकडे गेला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी मिळून जाहीर केलं की यामागे उत्तर कोरियाचे हॅकर होते. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजवर जवळपास दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं, तेही असंच: पडद्यावर एक, सही दुसऱ्यावर.

हे वाचून माझी झोप उडाली. पण दुसरी भीती त्याहून जवळची होती. ही नाणी चोराने नेली नाहीत तरी आमच्यापर्यंत पोचतील का?

पुतणीला दादाच्या फोनचा पिन माहीत होता. "आत्या, ॲप उघडून बघू का? ओटीपी याच सिमवर येईल," ती म्हणाली. तिचं म्हणणं साधं होतं: नाणी विकायची, पैसे पप्पांच्याच बँक खात्यात येतील, आणि तिथे आईचं नाव नॉमिनी आहेच. मीही क्षणभर विचारात पडले. ऑफिसातल्या साहेबांनी आणि बार्शीच्या वकीलसाहेबांनी दोघांनीही स्पष्ट नाही म्हटलं. गेलेल्या माणसाच्या नावाने ओळख पटवून व्यवहार करणं म्हणजे तोतयेगिरी. शिवाय दादाचे पहिल्या वर्गातले वारस तीन: वहिनी, पुतणी आणि आई. हिंदू वारसा कायद्यात आईचाही मुलाच्या मालमत्तेत पत्नी आणि मुलांइतकाच वाटा असतो, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. एकीने परस्पर विकलं आणि उद्या काही बोलणं झालं, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाईल.

मग वकीलसाहेबांनी एक गोष्ट सांगितली जी मला कधी सुचली नसती. सिमला रिचार्ज करत राहा. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. त्या माणसाच्या हाती दादाच्या खात्याचे ओटीपी गेले तर? सिम आम्ही वापरायचं नव्हतं, फक्त जिवंत ठेवायचं होतं. पुतणीने ती जबाबदारी घेतली.

एक्स्चेंजशी बोलायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पुतणीने इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. फोन लागला, पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलला, दादा गेल्याचं ऐकून हळहळला, आणि दहाव्या वाक्याला म्हणाला की फोनची स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्या, आम्ही इथूनच वारसाचं काम करून देतो. पुतणी मोबाइलवाल्याची मुलगी. तिने तिथेच फोन ठेवला. पण असा फोन वहिनींनी केला असता तर? त्यानंतर टेलिग्रामवरून "अडकलेलं क्रिप्टो सोडवून देतो, १० टक्के द्या" असेही निरोप यायला लागले. त्यांच्यापर्यंत आमची बातमी कशी गेली कोण जाणे. मी सगळ्यांना बजावलं, ॲपच्या आतून किंवा त्यांच्या अधिकृत पानावरून मिळालेल्या ईमेलशिवाय कुणाशीही बोलायचं नाही.

ईमेल केली, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं ते दोन ओळींचं: खातं गोठवलं आहे, पुढील माहितीसाठी वारसांनी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र सादर करावं. वहिनी घाबरल्या. "ताई, आपणच आपलं खातं बंद करून घेतलं का?" मला मात्र ते उत्तर वाचून हायसं वाटलं. गोठवलं म्हणजे आता कुणीच काही हलवू शकत नाही, ना आम्ही, ना तो गोड बोलणारा, ना पुढेमागे दादाचा नंबर मिळालेला कुणी. मी वहिनींना हेच सांगत राहिले. त्यांना ते पटायला वेळ लागला.

इथून खरा गुंता सुरू झाला. वारसा प्रमाणपत्राच्या अर्जात मालमत्तेची यादी आणि किंमत द्यावी लागते, कोर्ट फी त्यावर ठरते. एक्स्चेंजला विचारलं, खात्यात नेमकं किती आहे? ते म्हणाले, प्रमाणपत्राशिवाय तिसऱ्या व्यक्तीला शिल्लक सांगता येत नाही. कोर्टात विचारणार, शिल्लक किती? एक्स्चेंज म्हणणार, आधी कोर्टाचा कागद आणा. बँकेत नॉमिनी असला की इतकं काही लागत नाही. त्या ॲपमध्ये वारसाचं नाव लिहायला जागाच नव्हती. बोटाचा ठसा, चेहरा, सहा आकडी पिन, ओटीपी, इतकी कुलपं असलेल्या ॲपमध्ये "तुमच्यानंतर कोण?" हा एक प्रश्न विचारायचा कुणाला सुचलं नव्हतं. माझा खरा राग आहे तो या गोष्टीवर. कडक पडताळणीवर अजिबात नाही.

शेवटी दादाची वही कामाला आली. वहीतल्या प्रत्येक खरेदीसमोर बँकेच्या उताऱ्यातली यूपीआयची नोंद मी लावली. तारखा जुळल्या, रकमा जुळल्या. अर्जाच्या दिवशीचा भाव धरून किंमत काढली. वकीलसाहेबांना अजून एक शंका होती. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५चा, आणि हे प्रमाणपत्र मिळतं ते मृताच्या 'येण्यां'साठी आणि रोख्यांसाठी. बिटकॉइन यातलं काय? ते म्हणाले, आपल्याकडे १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस ठरवून घेण्याचाही मार्ग आहे, पण एक्स्चेंजच्या यादीत स्पष्ट १९२५च्या कायद्याचं प्रमाणपत्र लिहिलंय, तेच काढू. एक्स्चेंज दादाची नाणी देणं लागतं, म्हणून ते येणं, अशी मांडणी त्यांनी केली. मी माझ्या बाजूने आयकर कायद्याचा आधार दिला: २०२२च्या वित्त कायद्याने कलम ५६मधल्या मालमत्तेच्या व्याख्येत आभासी डिजिटल मालमत्ता घातली आहे. सरकार कर घेताना ज्याला मालमत्ता म्हणतं, ते वारसाला देताना हवेतलं कसं ठरेल? वकीलसाहेबांनी तो मुद्दा जसाच्या तसा अर्जात घेतला.

दैनिकात जाहीर नोटीस आली. दादाचं नाव, दुकानाचा पत्ता, आणि खाली 'बिटकॉइन'. बार्शीसारख्या गावात असली नोटीस लपत नाही. भगवंत मंदिरात वहिनींना बायकांनी विचारलं, कर्ज करून ठेवलं होतं का हो? दुकान भाड्याने घेतलेल्या मुलाला लोक विचारायला लागले, दादा सट्टा खेळायचे म्हणे. दादाच्या बँकेतले अधिकारी, चांगला माणूस, तळमळीने म्हणाले, "ताई, आम्ही लोकांना घसा फोडून सांगतो, एफडीत ठेवा."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण मनात बरंच होतं. पैसा ठेवण्याची सुरक्षित जागा ही आपल्याकडे कधीच आपोआप मिळालेली नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये हॅकरांनी दोन-तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये काढले, त्यातले बरेचसे बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून. ते नुकसान बँकेचं होतं, ठेवीदारांच्या खात्यांतून काही गेलं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. लोक रस्त्यावर आले, रडले, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवींचा विमा १ लाखाचा ५ लाख झाला. बँकांवर आज जो विश्वास आहे त्यामागे अशा ठेचा आहेत आणि ठेच लागल्यावर लोकांनी मागून घेतलेले नियम आहेत. क्रिप्टोच्या ग्राहकाला विमा नाही. एक्स्चेंजांवर मनी लाँडरिंगविरोधी कायदा मार्च २०२३मध्ये लागू झाला, तो ग्राहक कोण आणि पैसा कुठून आला हे पाहतो. ग्राहकाची नाणी बुडाली तर काय, याला उत्तर नाही.

आणि हे नियम मागणार कोण? ज्याने घेतलंय तो तोंड उघडत नाही. त्याला माहीत असतं की उघडलं की ऐकून घ्यावं लागेल. फेब्रुवारी २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले होते की याच्यामागे मूळ मूल्य म्हणून काही नाही, ट्यूलिपच्या फुलाएवढंसुद्धा नाही. त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पाने नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला, लॉटरीच्या बक्षिसावर लागतो तोच दर. तोटा कशातूनही वजा करता येत नाही. तात्यांच्या तोंडी 'जुगार' हा शब्द येतो तो असा वरपासून झिरपत आलेला आहे. बिटकॉइन चांगली गुंतवणूक आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः एक रुपयाही घातलेला नाही आणि ऑफिसात कुणी विचारलं तर सगळी पुंजी घालू नका असंच सांगते. पण दादा दुकानातून महिन्याला वाचलेले हजार-दोन हजार बाजूला टाकत होता. चार वर्षं वहीत नोंद ठेवून जुगार कोण खेळतं? तो लाजला. त्या लाजेने आमचं जे नुकसान झालं असतं, ते कुठल्या हॅकरने केलेल्या नुकसानाहून कमी नव्हतं.

कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजची गोष्ट वकीलसाहेबांनीच कुठेतरी वाचून मला सांगितली. तिचा तरुण संस्थापक जेरल्ड कॉटन डिसेंबर २०१८मध्ये आपल्या जयपूरमध्ये वारला आणि कंपनीने सांगितलं की पाकिटांच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे होत्या. हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. २०२०मध्ये ऑन्टारिओच्या नियामकाने तपास करून सांगितलं की किल्ल्यांचा प्रश्न दुय्यम होता, त्याने ग्राहकांचा पैसा आधीच उधळला होता. ते ऐकल्यापासून, आमचं एक्स्चेंज कितीही कागद मागो, मी मुकाट्याने दिले. एका माणसाच्या मर्जीवर चालणाऱ्या जागेपेक्षा दहा कागद मागणारी जागा बरी.

हरकत कुणी घेतली नाही. वहिनींची साक्ष झाली, आई आणि पुतणीने संमती दिली, २०२५च्या उन्हाळ्यात प्रमाणपत्र हाती आलं. ते पाठवलं आणि मग एक्स्चेंजची पडताळणी: तिघींचे पॅन, आधार, नोटरी केलेलं हमीपत्र, आई आणि पुतणीचं ना-हरकत पत्र, वहिनींचं नवीन खातं. या मधल्या काळात, जुलै २०२५मध्ये, कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीला गेले. ग्राहकांची नाणी वेगळ्या कोल्ड वॉलेटमध्ये, म्हणजे इंटरनेटपासून तोडलेल्या पाकिटात, आहेत आणि नुकसान आम्ही आमच्या तिजोरीतून भरू, असं कंपनीने जाहीर केलं. कॉसमॉसची आठवण झाली. तात्यांचा फोन आलाच. या वेळी वहिनींनी त्यांना शांतपणे विचारलं, "पण तात्या, लोकांचे गेले का त्यात? मग?" मी शेजारीच बसले होते. वर्षभरापूर्वी घाबरलेल्या वहिनी याच का, असं वाटलं.

व्हिडिओ कॉल ठरला. आईचं वय सत्तरीपुढचं, ना-हरकत तिने स्वतःच्या मर्जीने दिली का हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. बोलणारा मुलगा मराठीच होता. "आजी, तुमचा हिस्सा तुम्ही सूनबाईंना स्वखुशीने देताय ना? कुणी दबाव नाही ना?"

"दबाव कुणाचा? पोरगं माझं, सून माझी, नात माझी." आणि मग आईने त्यालाच विचारलं, "बाळा, तू मला एक सांग. माझ्या पोराचे पैसे तुम्ही ठेवलेत कुठं? दाखव की."

तो मुलगा हसला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने तिला समजावलं की दुकानाच्या गल्ल्यात रोजच्या सुट्ट्यापुरते पैसे ठेवतात आणि बाकीचे बँकेच्या लॉकरमध्ये, तसं आमचं आहे. रोजच्या देण्याघेण्यापुरतं इंटरनेटला जोडलेल्या पाकिटात, त्याला हॉट वॉलेट म्हणतात. बाकीच्याच्या किल्ल्या इंटरनेटपासून तोडून ठेवलेल्या यंत्रांत, एकट्याला उघडता येऊ नये म्हणून अनेकांत वाटलेल्या. नाणं असं हातात घेऊन दाखवता येत नाही, पण त्याची नोंद जगभरच्या संगणकांवर असते. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि ते सगळे किल्लीवाले एकदम फसले तर?" तो क्षणभर थांबला. म्हणाला, "आजी, असं झालंय काही ठिकाणी. म्हणून आता सही करण्याआधी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासतात." नंतर आई मला म्हणाली, खरं बोललं पोरगं.

एवढं झाल्यावरही त्यांच्या कायदा विभागाची एक शंका आली. प्रमाणपत्र येण्यांसाठी आणि रोख्यांसाठी आहे, आभासी मालमत्तेला ते चालेल का? वकीलसाहेब उत्तर तयार करत असतानाच, ऑक्टोबर २०२५मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आला. वझीरएक्सच्याच एका ग्राहक महिलेचं प्रकरण होतं. त्यात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी म्हटलं की क्रिप्टो हे चलन नाही आणि हाताला लागणारी वस्तूही नाही, तरी ती मालमत्ता आहे: तिचा उपभोग घेता येतो, ती ताब्यात ठेवता येते, विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. वकीलसाहेबांनी निकालाची प्रत जोडली. त्यांचा आवाज फोनवर एवढा आनंदी मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमचा आयकराचा मुद्दा आणि हा निकाल, दोन्ही एकाच दिशेचे आहेत ताई."

दिवाळी झाल्यावर नाणी वहिनींच्या खात्यात आली. आकडा वहीशी आठव्या दशांशापर्यंत जुळला. वहिनींनी तो दोनदा मोठ्याने वाचला.

डिसेंबरात त्यांनी जवळपास निम्मं बिटकॉइन विकलं, पुतणीच्या पुढच्या वर्षांच्या फीसाठी आणि आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. साधारण चार लाख आले. वारशाने मिळालं म्हणून कर लागला नाही, विकलं म्हणून लागला. दादाची खरेदीची किंमत धरून नफा तीन लाखांच्या घरात, त्यावर उपकरासकट ३१.२ टक्के, म्हणजे ९३ हजारांच्या वर. वहिनींना दुसरं करपात्र उत्पन्न नाही, तरी सूट नाही. कापला गेलेला टीडीएस त्यातून वजा होईल. उरलेलं बिटकॉइन आणि इथर त्यांनी ठेवलंय. विकायचं की ठेवायचं हे त्या आणि पुतणी मिळून ठरवतात, आणि कागदावर लिहून दोन प्रती करतात. एक घरात, एक माझ्याकडे.

बँकांनी १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी लावण्याची सोय दिली आहे. दादाच्या एक्स्चेंजच्या ॲपमध्ये अजून एकाही नावाची जागा नाही. मी त्यांना वहिनींच्या सहीने पत्र लिहिलं, आमच्या प्रकरणाचा सगळा तपशील देऊन: किती कागद लागले, वही सापडली नसती तर काय झालं असतं, आणि नावाची एक चौकट ठेवली तर किती घरांचं काम सोपं होईल. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे, असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलंय. या वेळी एक प्रत अर्थ मंत्रालयालाही पाठवली, आणि वकीलसाहेबांनी खाली त्यांचीही सही केली.